दत्तक जाईपर्यंत सांभाळायला आणलेले दोन गिनीपिग दिवसभर खोक्यात लपून बसतात. माणसाळवायचे कसे? (नागपूर)

खोकं काढून घेऊ नका. लपायची जागा असली की ते उलट लवकर बाहेर येतात. दोघांना दोन खोकी द्या, प्रत्येकाला दोन तोंडं ठेवा, म्हणजे कोणी कोपऱ्यात अडकणार नाही.

पहिले काही दिवस फक्त पिंजऱ्याजवळ जमिनीवर बसा, हळू आवाजात बोला. मग हातातून सांबार (म्हणजे कोथिंबीर) किंवा ढोबळी मिरचीची चकती द्या. ढोबळी मिरची तशीही रोज हवीच, कारण गिनीपिगचं शरीर क जीवनसत्त्व बनवू शकत नाही. संत्री नागपूरची असली तरी एखादी फोडच, तीही कधीतरी. साखर जास्त असते.

वरून हात घालून उचलू नका, त्यांना ती घारीची झडप वाटते. समोरून या, एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. आणि मांडीवर पुतळ्यासारखा बसला म्हणजे लाडात आला असं समजू नका. बहुतेकदा ती भीतीच असते. स्वतःहून खायला लागला, अंग सैल सोडून पसरला, की समजा जमलं.

उन्हाळ्यात पिंजरा कूलरच्या खोलीत ठेवा, पण थेट झोतात नको. गच्ची, गॅलरी तर नाहीच.

अर्धा दिवस काहीच खाल्लं नाही तर लाजतोय म्हणून थांबू नका, लगेच डॉक्टरकडे न्या. दत्तक देताना जोडी मात्र तोडू नका.