बीएस्सी फिजिक्स झालं, आता पुढं?

एमएस्सी करायचीच, तर शेवटच्या वर्षाला असतानाच जॅमचा, म्हणजे एमएस्सी प्रवेशाच्या देशपातळीवरच्या परीक्षेचा, फॉर्म भर. ती फेब्रुवारीत असते. त्याच गुणांवर आयआयटीतली एमएस्सी, बंगळुरूच्या आयआयएस्सीची इंटिग्रेटेड पीएचडी, शिवाय आपल्या नागपूरच्या व्हीएनआयटीलाही प्रयत्न करता येतो. मेकॅनिक्स अन् इलेक्ट्रोमॅग्नेटिझमची गणितं रोज सोडव, नुसत्या नोट्स वाचून भागत नाही बाप्पा. नागपूर विद्यापीठाच्या अमरावती रोडवरच्या विभागात गेलास तरी वाईट काही नाही, फक्त नेटची (प्राध्यापकी अन् संशोधन फेलोशिपसाठीची परीक्षा) तयारी पहिल्याच वर्षी धर. त्यातून जेआरएफ, म्हणजे पीएचडी करतानाची फेलोशिप, मिळाली की पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये, घरच्यांपुढं हात पसरायला नको. शाळेत शिकवायचं असेल तर सरळ बीएड. डेटा सायन्सचे महागडे क्लास मात्र मला पटत नाहीत; आधी घरी बसून पायथन शीक, मग ठरव.