साहेबच त्रास देतोय, तक्रार कुणाकडे करू?

प्रश्न: ताई, मी अंधेरीला एका छोट्या ऑफिसात अकाउंट्स बघते, सगळे मिळून आम्ही सात जण. साहेब रात्री व्हॉट्सॲपवर नको ते पाठवतात, फाइल देताना मुद्दाम हात धरतात, मागच्या आठवड्यात मी स्पष्ट बोलले तर म्हणाले पगारवाढ विसर. मैत्रीण म्हणते महिला आयोगात जा, घरचे म्हणतात नोकरी सोड. काय करू?

उत्तर: आधी एक सांगते, यात तुमची काहीही चूक नाही. आणि ते मेसेज कितीही किळस आली तरी डिलीट करू नका, तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढून बहिणीला नाहीतर मैत्रिणीला पाठवून ठेवा.

आता कुठे जायचं ते. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे ऑफिसातच अंतर्गत समिती हवी, २०१३ चा कायदाच आहे तसा, पण तुम्ही सात जण आणि त्रास देणारा स्वतः मालक, मग घरातली तक्रार घरातच कोण ऐकणार? अशांसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते, हे आपल्याकडे फार कमी बायकांना माहीत असतं याचं मला खरंच वाईट वाटतं. अंधेरी मुंबई उपनगर जिल्ह्यात येते, म्हणजे वांद्रे पूर्वेचं जिल्हाधिकारी कार्यालय, तिथे जाऊन स्थानिक समितीची चौकशी करा.

तक्रार साध्या मराठीत लिहा, काय झालं, कधी, कुठे, कोण होतं, साक्षीदार असतील तर त्यांची नावं. पुराव्यासकट सहा प्रती द्याव्या लागतात, पण तुम्ही सात काढा आणि सातव्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख मारून घ्या, शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. शेवटच्या प्रकारापासून तीन महिन्यांच्या आत द्यायची, उशिराचं कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते, पण त्या भरवशावर राहू नका. माझ्या ओळखीतली एक दिवाळी होऊ दे, मग मुलाची परीक्षा होऊ दे करत बसली आणि नंतर उशीर का झाला तेच समजावत राहिली.

चौकशी नव्वद दिवसांत संपवायची असते, आणि ती चालू असताना तीन महिन्यांपर्यंत रजा लेखी मागता येते, तुमच्या नेहमीच्या रजेतून ती कापत नाहीत. म्हणून म्हणते घाईत राजीनामा देऊ नका.

राज्य महिला आयोग १९९३ पासून आहे, वांद्र्यालाच म्हाडाच्या इमारतीत. तो समोरच्याला बोलावू शकतो, कागद मागवू शकतो, पण तो कोर्ट नाही, शिक्षा देत नाही. समिती दाद देत नसेल, पोलीस टोलवत असतील तेव्हा तिथे जरूर जा. आणि हात धरणं हा गुन्हाच आहे, पोलिसांत एफआयआर वेगळी करता येते, एक केलं म्हणून दुसरं बंद होत नाही.

प्रश्न: वकिलाला द्यायला पैसे नाहीत, मग?

उत्तर: आयोगात फी नाही, वकीलही लागत नाही. कोर्टात जायची वेळ आली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा, बाईला तिथे मोफत वकील मिळतो, नवऱ्याचं किंवा तुमचं उत्पन्न कितीही असो.