सुकाणू, कर्णधार आणि विमानाचे कान

प्रश्न असा आहे : विमानाच्या शेपटीवर जी उभी, डावी-उजवीकडे हलणारी झडप असते, म्हणजे रडर, तिला मराठीत 'सुकाणू' म्हणावे का? आणि एलरॉन (पंखांच्या मागच्या कडेवरच्या झडपा), एलिव्हेटर (शेपटीवरची आडवी, वर-खाली हलणारी झडप) यांना धड मराठी शब्द आहेत का?

पहिल्याचे उत्तर : म्हणा, खुशाल म्हणा. सुकाणू मूळचा अरबी 'सुक्कान', अर्थ तोच. परका म्हणून तो नको असेल त्यांनी आधी 'हवा' हा शब्द टाकून दाखवावा. तोही अरबीच आहे. मग विमान कशात उडवायचे ते बघू.

माझी तक्रार नामाबद्दल नाही, क्रियापदाबद्दल आहे. 'वैमानिकाने सुकाणू फिरवून विमान डावीकडे वळवले' असली वाक्ये बातम्यांत आणि कथांत इतक्या वेळा येतात की आता डोळे मिटून पुढे जावे लागते. नाव वळते तसे विमान वळत नाही. नुसते सुकाणू दाबले तर विमानाचे नाक बाजूला फिरते आणि धड बराच वेळ जुन्याच दिशेने घसरत राहते. वळायचे तर आधी कलावे लागते. वैमानिक दांडा डावीकडे नेतो (किंवा हातातले अर्धे चाक डावीकडे फिरवतो), तेव्हा पंखांच्या मागच्या कडेवरचे, टोकांजवळचे दोन एलरॉन उलटसुलट हलतात : डावा वर, उजवा खाली. डाव्या पंखाची उचल, म्हणजे हवा पंखाला वर ढकलते तो जोर, घटते, उजव्याची वाढते आणि विमान डावीकडे कलते. आता सगळी उचल सरळ वर न राहता तिरकी झाली. तिचा आडवा हिस्सा विमानाला डावीकडे ओढतो. हेच वळण. उभा हिस्सा कमी पडतो, म्हणून एलिव्हेटर थोडा वर उचलून भरपाई करायची. ६० अंश कलून उंची राखायची असेल तर उचल दुप्पट लागते.

मग सुकाणू कशाला? तर खाली गेलेल्या एलरॉनमुळे उजवा पंख हवेत जास्त अडतो आणि वळायचे डावीकडे असताना नाक उजवीकडे जाऊ पाहते. पायातले पेडल दाबून सुकाणू ती खोड मोडतो. शिवाय आडवा वारा असताना उतरायचे असेल, किंवा एका बाजूचे इंजिन बंद पडले, तर त्याची खरी किंमत कळते. पण वळवणारा तो नव्हे.

हा घोटाळा जुना आहे, कारण सुरुवातीला सगळेच जहाजाच्या भाषेत विचार करत होते. राइट बंधू तर पुढच्या एलिव्हेटरलाही 'पुढचा रडर' म्हणत. त्यांच्या १९०३च्या विमानाला एलरॉन नव्हतेच. ते आख्खा पंखच पिळत. एलरॉन शब्द फ्रेंच, अर्थ 'छोटा पंख'. ठीक आहे, पण त्यात मजा नाही.

मजा आहे 'कर्णधार'मध्ये. संस्कृतात 'कर्ण' म्हणजे कान, तसेच 'कर्ण' म्हणजे जहाजाचे सुकाणूही. ते धरणारा तो कर्णधार. आपण मात्र हा शब्द बॅट धरणाऱ्याला देऊन टाकला आणि ज्याच्या पायाखाली खरोखर सुकाणू आहे त्याला कॅप्टन म्हणतो!

आता सुकाणूला कान का म्हणाले? कोश इथे अर्थ देऊन मोकळे होतात. काही विद्वान सांगतात की कान म्हणजे पकडायची मूठ, आणि सुकाणूला मूठ असते, म्हणून. मूठ तर कुऱ्हाडीलाही असते, मग लाकूडतोड्या कर्णधार का नाही झाला? आणखी एक मंडळी कर्णधाराची फोड 'सर्वांचे कान देऊन ऐकतो तो' अशी करतात. त्यांच्याबद्दल न बोललेलेच बरे.

माझे मत असे. सुकाणू जहाजाच्या मागे, मधोमध बसवण्याची पद्धत नंतरची. त्याआधी कित्येक शतके मागच्या भागात बाजूला लांब वल्हे लावून जहाज वळवत, आणि मोठ्या जहाजांना अशी वल्ही दोन्ही बाजूंना असत. इंग्रजीत जहाजाच्या उजव्या बाजूला 'स्टारबोर्ड' म्हणतात तोही शब्द 'सुकाणूची बाजू' असाच आहे, आणि विमानाच्या उजव्या पंखाच्या टोकाशी जो हिरवा दिवा असतो तो याच स्टारबोर्डचा. तर दोन्ही अंगांना बाहेर आलेली, हलणारी, धरता येणारी जोडी. शरीरात असे काय असते? कान! मुठीच्या सिद्धांताला जोडीचे उत्तर देता येत नाही, माझ्या सिद्धांताला येते.

आणि हे पटले तर विमानात 'कर्ण' ठरतो एलरॉन, सुकाणू नव्हे. दोन्ही अंगांना, जोडीने, आणि वळवण्याचे काम त्याचेच. एक कान वर, एक खाली. पोराला कान धरून वळवतात हे मराठीला नवीन नाही. यावर आक्षेप ठरलेला आहे : काटकोन त्रिकोणाच्या कर्णाशी गल्लत होईल. महाभारतातल्या कर्णाशी आजवर झाली नाही, तर याच्याशी कशी होईल? 'पक्षिका', 'उपपंख' वगैरे बनवणाऱ्यांनी बनवत राहावे. तसला शब्द कोणाच्या तोंडी बसलेला मी तरी ऐकलेला नाही. 'कान' बसेल. 'डावा कान वर' हे पहिल्याच दिवशी शिकणाऱ्याला कळेल.

एलिव्हेटर राहिला. त्याला 'उद्वाहन' म्हणू नका, ती इमारतीतली लिफ्ट झाली. शिवाय तो विमानाला उचलत नाही. दांडा मागे ओढला की तो वर उठतो, शेपूट खाली दाबतो, त्यामुळे नाक वर होते आणि उचलण्याचे काम पंख करतात. चांगला शब्द सुचत नाही तोवर एलिव्हेटरच लिहा.