जमिनीचा प्रश्न नंतर, आधी तिसरा हप्ता थांबवा

रावेरजवळचे एक केळी उत्पादक लिहितात: वडील (आबा) ७२ वर्षांचे, मूत्राशयाचा कॅन्सर पसरलाय. किडनी कमजोर, म्हणून सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध देता येत नाही. डॉक्टरांनी पेम्ब्रोलिझुमॅब हे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध लढवणारं औषध सुचवलंय, दर तीन आठवड्यांनी डोस, प्रत्येकी चार लाख. एकरभर जमीन विकून २५ लाख येतील, विकू का? आणि जाता जाता: आबांची १२ लाखांची एफडी मोडून माझ्या नावे 'हमी परताव्या'ची पॉलिसी घेतली, वर्षाला तीन लाख, दहा वर्षं. दोन हप्ते भरले, तिसरा पुढच्या महिन्यात.

भाऊ, दहा हप्त्यांचे ३० लाख होतात आणि एफडी होती १२ लाखांची. पाचवा हप्ता कुठून भरणार, हे विकणाऱ्यानं विचारलं तरी का? सत्तरी ओलांडलेल्या माणसाची आजारपणाची पुंजी दहा वर्षं अडकवायची, यात फायदा फक्त कमिशन खाणाऱ्याचा. तिसरा हप्ता भरू नका. पॉलिसी सरेंडर केल्यास, म्हणजे मधेच बंद केल्यास, किती मिळतील ते कंपनीकडून लेखी घ्या. तोटा होईल, सोसा. उरलेले सहा लाख आबांचे आहेत, त्यांच्याच उपचाराला ठेवा.

आता जमीन. वर्षाला १७ डोस, म्हणजे ६८ लाख. तुमचे २५ लाख सहा डोसांत, चार-साडेचार महिन्यांत संपतील. 'दोन-तीन डोसांत बरे होतील' ही आशा मनातून काढा. सिस्प्लॅटिन न झेपणाऱ्या ३७० रुग्णांवरच्या अभ्यासात पेम्ब्रोलिझुमॅबनं गाठी ठळकपणे आटल्या त्या दहांतल्या जेमतेम तिघांच्या. ज्यांना लागू पडलं, त्यांतल्या बऱ्याच जणांना ते दीर्घकाळ पुरलं, हेही खरं. एन्फॉर्टुमॅब व्हेडोटिन हे कॅन्सरचं दुसरं औषध जोडीला दिलं तर निकाल आणखी चांगले, पण खर्चही आणखी वर जातो.

म्हणून डॉक्टरांना आधी विचारा: जेमसिटाबिन-कार्बोप्लॅटिन या दोन औषधांचं केमो का नको? किडनी कमजोर असली तरी ते बहुतेकदा देता येतं आणि खर्च पेम्ब्रोलिझुमॅबच्या मानानं फारच थोडा. गाठीमुळे लघवीची नळी तुंबून किडनी बिघडली असेल तर स्टेंट (वाट मोकळी ठेवणारी बारीक नळी) टाकून ती सुधारेल का? टाटा मेमोरियलचं दुसरं मत घ्या. औषध कंपनीची सवलत योजना आहे का, तेही विचारा.

सत्तरीपुढच्यांना उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्डावर वर्षाला पाच लाखांचं संरक्षण मिळतं. आबांचं कार्ड याच आठवड्यात काढा. केमो, स्टेंट अशा खर्चाला ते उपयोगी पडेल, या महागड्या औषधाचा मात्र त्यात हिशेब धरू नका.

तरीही पेम्ब्रोलिझुमॅबच द्यायचं ठरलं, तर तीन-चार डोसांपुरतेच, १२ ते १६ लाख उभे करा. सोनं तारण ठेवा, जमीन नको. नऊ-बारा आठवड्यांनी स्कॅन होईल. गाठ वाढलेली दिसली तर पुढचा डोस विकत घेण्याआधी डॉक्टरांसमोर बसा, आणि त्या वेळी आबांनाही सोबत न्या.