बदकं ओळखताना चोच आधी बघा

प्रश्न : नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात ऑक्टोबरमध्ये मुलांना घेऊन गेलो होतो. मनोऱ्यावरून बदकं शेकड्यांनी दिसली, पण सगळी सारखीच तपकिरी! ओळखायला सुरुवात कुठून करावी? (एक वाचक, सिन्नर)

उत्तर : तुमची नजर कमी पडली नाही, महिना चुकला. उत्तरेकडून आलेल्या नरांच्या अंगावर तेव्हा मादीसारखीच मळकट पिसं असतात. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत जा. मात्र माद्या बारमाही तपकिरीच, म्हणून रंगाच्या मागे न लागता चोच बघा. फावड्यासारखी रुंद चोच पाण्याला टेकवून गोल गोल फिरतोय, तो थापट्या. लांब सडपातळ मानेचं, डोकं पाण्यात आणि शेपूट आभाळाकडे, ते तलवार बदक. काळ्या चोचीचं टोक पिवळं आणि बुडाशी दोन लाल ठिपके, म्हणजे हळदी-कुंकू; याहून नेमकं नाव कोण ठेवणार! अंगानं काळा, कपाळ आणि चोच पांढरी, तो वारकरी. तो बदक नव्हेच, पाणकोंबडीच्या कुळातला.

दुर्बीण ८ बाय ४२ ची घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं. दहापट मोठं दाखवणारी हातात थरथरते, मुलांना तिच्यात पक्षी सापडतच नाही. ऊन पाठीवर घेऊन उभे राहा. समोर सूर्य असला की प्रत्येक पक्षी काळाच दिसतो.

प्रश्न : पाणकणीस आणि लव्हाळा या पाणथळीतल्या गवतासारख्या वनस्पतींत माझा नेहमी गोंधळ होतो.

उत्तर : देठ न तोडता दोन बोटांत फिरवून बघा. लव्हाळ्याचा तिधारी लागतो, धारा बोटाला कळतात. गवताचा गोल, पेरं असलेला. पाणकणसाची पानं पट्ट्यासारखी, माणसाहून उंच. तपकिरी कणसाच्या वरचा नरफुलांचा भाग झडला की नुसती काडी उरते. पाणकणसाच्या दाट बेटाजवळ दहा मिनिटं गप्प उभे राहा. जांभळी पाणकोंबडी कोवळा कोंब उपटते, पायाच्या लांब बोटांत माणसासारखा धरते आणि आतला मऊ गाभा खाते.

प्रश्न : जलपर्णीची फुलं सुंदर असतात. एक रोप घरच्या हौदात लावू का?

उत्तर : कृपा करून नको. अभयारण्यातून रोप उचलणं गुन्हा आहेच, पण एका तुकड्यापासून हौद भरतो, आणि तो उपसून नाल्यात टाकला की पुढचं तळंही गेलं. बी चिखलात अनेक वर्षं जिवंत राहतं.