आत्मोद्धार: काढणारा कोण, निघणारा कोण?

'आत्मोद्धार' म्हणजे मोक्षबिक्ष, की स्वतःच्या बळावर साधलेली प्रगती? आणि लिहायचं 'उद्धार' की 'उध्दार'? असे दोन प्रश्न आलेत.

आधी लेखन, कारण अर्थही तिथूनच उलगडतो. धातू 'हृ', म्हणजे नेणे. हरण, आहार, प्रहार ही सगळी त्याचीच भावंडं. त्याला 'उत्' (वर) लागला की उत् + हार. संधीत त्‌चा द् होतो आणि ह‌चा ध, म्हणून उद्धार. तत् + हित = तद्धित, तसंच. आधी द, मग ध. 'उध्दार' चूकच, मग तो कितीही मोठ्या फलकावर रंगवलेला असो. (जाता जाता: 'जगदोद्धार'ही नाही, जगदुद्धार.)

म्हणजे उद्धार हे मुळात वर काढणं. ते दुसऱ्यानं केलं तर तो उद्धारक आणि आपण उपकृत. गीतेत (6.5) मात्र 'उद्धरेदात्मनात्मानं नात्मानमवसादयेत्' असं आहे. 'आत्मना' तृतीया, 'आत्मानं' द्वितीया: काढणाराही आपण, निघणाराही आपणच. पुढचा 'अवसाद' म्हणजे खाली बसणं, खचणं. संदर्भ योगसाधनेचा आहे, तेव्हा मोक्षवाला अर्थ जुना, हे मान्य.

पण सुधारणांच्या काळात 'अस्पृश्योद्धार', 'स्त्री-उद्धार' असे शब्द मराठीत रुळले, आणि त्यांत काढणारा बहुधा वरच्या पायरीवरचा असे. त्यांच्या शेजारी ठेवला की 'आत्मोद्धारा'ला सामाजिक धार येते. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 साली मुंबईत केलेल्या 'मुक्ती कोन पथे' या भाषणाचा शेवट बुद्धानं आपला शिष्य आनंद याला केलेल्या उपदेशानं केला: स्वतःच स्वतःचा आधार व्हा. तिथले शब्द वेगळे, रोख हाच.

मग 'स्वावलंबन' का नको? त्यात 'लंब्' आहे, लोंबण्यातला. कशाला धरून आहात, एवढंच तो शब्द सांगतो. वर चढलात की नाही, ते सांगत नाही. बचत गटाच्या माहितीपत्रकाला तो पुरेसा आहे. हलाखीतून वर येण्याबद्दल लिहायचं असेल तर मी आत्मोद्धार घेईन.

फक्त हा शब्द 'स्वतःचा उद्धार' असा फोडताना जपा. बोलीत 'सात पिढ्यांचा उद्धार केला' म्हणजे शिव्या घातल्या, आणि 'पद मिळताच त्यांनी स्वतःचा उद्धार करून घेतला' असं लिहिलंत, तर वाचणाऱ्याला आधी घोटाळ्याचाच वास येईल.