कापूस वेचल्यानं गर्भ पडत नाही, ताई

"मी ३७ वर्षांची. यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहते. ९ वर्षांची मुलगी आहे. दिवाळीनंतर नवव्या आठवड्यात गर्भ पडला. नागपूरला तपासला तर ४७ गुणसूत्रं निघाली, १६ नंबरचं एक जादा. डॉक्टर म्हणाले, बीजातली चूक. सासूबाई म्हणतात, वाकून वाकून कापूस वेचला म्हणून झालं. खोट माझ्यातच आहे का?"

ताई, नाही. आधी हे वाचा, मग बाकीचं.

ती ४७ गुणसूत्रं गर्भाची होती, तुमची नव्हेत. गुणसूत्रं म्हणजे पेशीतले बारीक धागे, शरीर कसं घडायचं ते त्यांत लिहिलेलं असतं. आपल्या पेशींत ४६ असतात, म्हणजे २३ जोड्या. बीज तयार होताना जोड्या सुटतात. प्रत्येकीतलं एक बीजात राहतं, दुसरं बाहेर पडतं. बीजात उरतात २३, नवऱ्याकडून येतात २३, आणि बाळाचे ४६ पुरे होतात.

बाईच्या बाबतीत हे काम फार लांबतं. तुम्ही आईच्या पोटात ५ महिन्यांच्या होतात तेव्हा तुमच्या बीजकोषांत ६०-७० लाख बीजं होती. जन्माच्या वेळी १०-२० लाख उरली, पाळी आली तेव्हा ३-४ लाख. ती सगळी तेव्हापासूनची. जोडी सोडवायचं काम त्यांनी पोटातच सुरू केलं आणि अर्ध्यावर थांबवलं. ज्या महिन्यात बीज पिकतं त्याच महिन्यात ते पुढे सरकतं, आणि शेवटचा टप्पा शुक्रजंतू आत शिरल्यावरच पुरा होतो. म्हणजे तुमचं ते बीज ३७ वर्षं थांबून होतं.

बैलजोडीचं दावं वर्षानुवर्षं वापरून झिजतं ना, तसंच जोडीला धरून ठेवणारं बंधन बीजातही झिजतं. मग एखादी जोडी वेळेआधीच ढिली पडते, तिची वाटणी नीट होत नाही, दोन्ही गुणसूत्रं बीजातच राहतात. तुमच्या १६ व्या जोडीचं तेच झालं. बीजात २४, नवऱ्याची २३, मिळून ४७. प्रत्येक पेशीत असं जादा १६ नंबर असलेला गर्भ जगत नाही. पहिल्या ३ महिन्यांत पडणाऱ्या गर्भांपैकी जवळपास निम्म्यांत गुणसूत्रांचीच गडबड असते.

हा हिशेब गर्भ राहायच्या वेळीच चुकला होता. तुम्ही पऱ्हाटीत वेचायला उतरलात ते त्यानंतर. वेचणीनं किंवा गाठोडं उचलल्यानं गुणसूत्र वाढत नाही.

वयाचा भाग मात्र खरा आहे, तो मी लपवणार नाही. पस्तिशीनंतर अशा चुका वाढत जातात. पण पुढच्या बीजाची वाटणी वेगळी होईल, आणि ती नीटही होऊ शकते. दुसरं मूल हवं असेल तर फार वर्षं थांबू नका. आधी डॉक्टरांना भेटा, रक्त किती आहे ते तपासा, फॉलिक ॲसिडची गोळी दिवस राहण्याआधीच सुरू करा. दिवस राहिले की ११ ते १४ आठवड्यांतली सोनोग्राफी चुकवू नका. पुन्हा गर्भ पडलाच तर तुम्हा दोघांचीही गुणसूत्र तपासणी करायची का, हे विचारा.

आणि हे पान यजमानांना वाचायला द्या. सासूबाईंना समजावण्याचं काम त्यांचं. तुमचं अंग अजून भरून यायचंय.